अलॉइस अल्झायमर

अलॉइस अल्झायमर (१४ जून १८६४, मार्क्टब्राइट, बव्हेरिया – १९ डिसेंबर १९१५, ब्रेस्लाऊ) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूच्या ऊतकांचे अभ्यासक होते. उतारवयात स्मरणशक्ती, भाषा आणि विवेक हळूहळू नाहीसा करणाऱ्या ज्या आजाराला आज जगभर अल्झायमरचा आजार म्हणतात, त्याचे मेंदूतील स्वरूप त्यांनी १९०६ मध्ये प्रथम सविस्तर मांडले. रुग्णाशी बोलून केलेले टिपण आणि मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली केलेली मेंदूची तपासणी यांची सांगड घालण्यावर त्यांचा आयुष्यभर भर होता. म्हातारपणीचे विसरणे हे वयाचे अटळ फळ आहे की मेंदूचा आजार, हा प्रश्न त्यांच्या कामामुळे वैद्यकापुढे स्पष्टपणे उभा राहिला. त्याचे उत्तर मिळायला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतक जावे लागले.

बालपण आणि शिक्षण

अल्झायमर यांचा जन्म माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील एडुआर्ड हे सरकारी नोटरी होते. त्यांची पहिली पत्नी बाळंतपणानंतरच्या तापाने वारली होती. तिच्या धाकट्या बहिणीशी, थेरेसिया यांच्याशी, त्यांनी दुसरा विवाह केला. अलॉइस हे या दुसऱ्या विवाहातील अपत्य. मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून कुटुंब पुढे आशाफेनबुर्ग येथे राहायला गेले. तेथील शाळेतून १८८३ मध्ये अलॉइस शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. शाळेत त्यांना निसर्गविज्ञानाची विशेष गोडी होती.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते प्रथम बर्लिनला गेले आणि नंतर व्युर्ट्सबुर्ग व ट्युबिंगेन येथे शिकले. व्युर्ट्सबुर्ग येथे अल्बर्ट फॉन क्योलिकर या नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत त्यांना सूक्ष्मदर्शकाची ओळख झाली आणि ती जन्मभर टिकली. कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरचा त्यांचा प्रबंध १८८७ चा आहे. पुढील वर्षी त्यांनी वैद्यकाची राज्य परीक्षा दिली. विद्यार्थिदशेत ते तलवारबाजी करणाऱ्या एका विद्यार्थी मंडळाचे सभासद होते. तेथील एका द्वंद्वात त्यांच्या डाव्या गालावर कायमचा व्रण उमटला. त्यामुळेच त्यांच्या बहुतेक छायाचित्रांत चेहऱ्याची उजवी बाजू पुढे दिसते.

फ्रँकफर्टमधील वर्षे

पदवीनंतर काही महिने अल्झायमर यांनी एका मनोरुग्ण महिलेसोबत खासगी वैद्य म्हणून प्रवास केला. डिसेंबर १८८८ मध्ये फ्रँकफर्ट येथील मनोरुग्ण व अपस्माराच्या रुग्णांसाठीच्या नगरसंस्थेत ते साहाय्यक वैद्य म्हणून रुजू झाले. ही संस्था हाइनरिश हॉफमन या वैद्यांच्या प्रयत्नातून उभी राहिली होती. मुलांसाठी लिहिलेल्या श्ट्रुवेलपेटर या सचित्र पद्यपुस्तकामुळे हॉफमन यांचे नाव जर्मनीत घरोघरी पोचलेले होते. संस्थेची भव्य इमारत १८६४ मध्ये, म्हणजे अल्झायमर यांच्या जन्मवर्षीच, सुरू झाली होती. लोक तिला वेड्यांचा राजवाडा म्हणत.

हॉफमन यांच्यानंतर संचालक झालेले एमिल सिओली हे रुग्णांना बांधून ठेवण्याच्या विरोधात होते. हात जखडणारे अंगरखे आणि एकान्तकोठड्या शक्य तितक्या टाळाव्यात, रुग्णाला मोकळे फिरू द्यावे, अस्वस्थ रुग्णाला कोमट पाण्यात दीर्घकाळ बसवून शांत करावे, अशी त्यांची पद्धत होती. अल्झायमर यांनी ती मनापासून स्वीकारली. रुग्णांशी बराच वेळ बोलत बसणे आणि ते बोलणे बारकाईने उतरवून ठेवणे ही त्यांची सवय याच काळातली आहे.

१८८९ मध्ये फ्रान्झ निस्ल हे संस्थेत दाखल झाले. तंत्रिका कोशिका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दाखवण्याची एक पद्धत निस्ल यांनी विद्यार्थिदशेतच शोधून काढली होती. दोघांची घनिष्ठ मैत्री झाली. दिवसा रुग्णकक्ष आणि संध्याकाळी प्रयोगशाळा असा त्यांचा क्रम असे. त्या काळी मनोरुग्णालयांतील रुग्णांचा मोठा भाग उपदंशातून उद्भवणाऱ्या मेंदूविकाराने ग्रासलेला असे. अल्झायमर यांचे पहिले महत्त्वाचे काम या विकारावरचे आहे. मेंदूच्या रोहिण्या कठीण झाल्याने होणारा बुद्धीचा ऱ्हास वेगळा ओळखता येतो, हेही त्यांनी १८९० च्या दशकात दाखवले. वृद्धांच्या मेंदूविकारांकडे ते या वाटेने वळले. निरनिराळ्या कारणांनी बुद्धी ढासळते तेव्हा मेंदूतील खुणाही निरनिराळ्या असतात का, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या संशोधनाच्या मुळाशी आहे.

कौटुंबिक जीवन

१८९४ मध्ये अल्झायमर यांनी सेसिली गाइझेनहाइमर या विधवेशी विवाह केला. सेसिली यांचे पहिले पती श्रीमंत व्यापारी घराण्यातील होते. या विवाहामुळे अल्झायमर यांना आर्थिक स्थैर्य लाभले आणि पुढे पगाराची चिंता न करता संशोधन करता आले. दांपत्याला गेर्ट्रूड, हान्स आणि मारिया ही तीन मुले झाली. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले, तेव्हा धाकटी मारिया तान्ही होती. अल्झायमर यांची अविवाहित बहीण एलिझाबेथ घरी राहायला आली आणि तिने मुलांना वाढवले. अल्झायमर यांनी पुन्हा विवाह केला नाही. यानंतर ते कामात अधिकच बुडून गेले.

आउगुस्टे डेटर

पत्नीच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या महिलेला फ्रँकफर्टच्या संस्थेत दाखल करण्यात आले. त्यांचे पती कार्ल हे रेल्वेत कारकून होते. पत्नीच्या वागण्यातला पहिला बदल म्हणून त्यांनी अकारण मत्सराचा उल्लेख केला होता. त्यानंतर विसरणे झपाट्याने वाढले. स्वयंपाकात चुका होऊ लागल्या. वस्तू कुठेतरी लपवल्या जात आणि मग सापडत नसत. स्वतःच्याच घरात त्या दिशाहीन फिरत, शेजाऱ्यांच्या दाराच्या घंटा वाजवत, कोणीतरी आपल्याला मारायला येते आहे असे वाटून घाबरत.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर यांनी त्यांच्याशी पहिले संभाषण केले आणि प्रश्नोत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. आउगुस्टे स्वतःचे नाव सांगू शकत. पतीचे नाव विचारल्यावर मात्र त्या पुन्हा आपलेच नाव सांगत. पेन्सिल, पेन, किल्ली अशा वस्तू दाखवल्या की त्या बरोबर ओळखत, पण थोड्याच वेळाने आपल्याला काय दाखवले होते हे त्यांना आठवत नसे. जेवताना ताटात एक पदार्थ असे आणि विचारल्यावर त्या भलतेच नाव सांगत. नाव लिहायला सांगितले, तेव्हा सुरुवातीचा श्रीमती या अर्थाचा शब्द लिहून त्या थांबल्या, कारण पुढे काय लिहायचे होते ते तेवढ्यात विसरले होते. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे काही त्या मधूनमधून म्हणत. अल्झायमर यांनी तेही नोंदवले. अशा रुग्णाच्या बोलण्याला त्या काळी निरर्थक बडबड समजले जाई. या टिपणात मात्र ते आजाराचा पुरावा आणि एका माणसाचे दुःख अशा दोन्ही नात्यांनी जपले गेले.

पुढील काही आठवड्यांत त्यांची अवस्था बदलत राहिली. कधी त्या वैद्यांना घरी आलेला पाहुणा समजून आपले काम आटोपले नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत. कधी ते आपल्याला कापणार आहेत असे वाटून आरडाओरडा करत. अंथरूण-पांघरूण उचलून त्या इकडून तिकडे नेत आणि पती व मुलीला हाका मारत. त्या वयात वृद्धत्वजन्य स्मृतिभ्रंश अपेक्षित नव्हता. उपदंशाची वा पक्षाघाताची लक्षणेही दिसत नव्हती. ओळखीच्या कोणत्याही चौकटीत न बसणारा हा विकार अल्झायमर यांच्या मनात घर करून राहिला.

म्युनिक येथील प्रयोगशाळा

एमिल क्रेपेलिन हे त्या काळातील सर्वांत प्रभावी मनोविकारतज्ज्ञ होते. मनोविकारांचे वर्गीकरण लक्षणांच्या दीर्घकालीन वाटचालीवरून करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. निस्ल त्यांच्याकडे हायडेलबर्गला आधीच गेले होते. क्रेपेलिन यांच्या निमंत्रणावरून अल्झायमर यांनीही फ्रँकफर्ट सोडले. काही काळ हायडेलबर्गला काढून १९०३ मध्ये ते क्रेपेलिन यांच्यासोबत म्युनिकच्या नव्या मनोविकार चिकित्सालयात आले. तेथील मेंदूविकृतीच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. सुरुवातीला हे काम त्यांनी विनावेतन केले.

ही प्रयोगशाळा लवकरच देशोदेशींच्या तरुण संशोधकांचे केंद्र बनली. इटलीतून उगो चेर्लेत्ती, फ्रान्चेस्को बोन्फिल्यो आणि गाएतानो पेरुसिनी आले. लायबेरियात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकलेले सॉलोमन कार्टर फुलर आले. अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांत त्यांची गणना होते आणि वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावर त्यांनी पुढे मोलाचे काम केले. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या आजाराच्या नावातील दोघेही वैद्य, तसेच मेंदूतील विशिष्ट कणांना ज्यांचे नाव मिळाले ते फ्रीडरिश लेवी, यांनीही अल्झायमर यांच्या हाताखाली काम केले होते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या शेजारी बसून, एकाच सूक्ष्मदर्शकातून आळीपाळीने पाहत ते तासन्तास समजावून सांगत. बोलण्याच्या नादात ते हातातला चिरूट विद्यार्थ्याच्या टेबलावर ठेवून विसरत. त्यामुळे दिवसाअखेरीस प्रत्येक सूक्ष्मदर्शकाजवळ अर्धवट ओढलेला एक चिरूट सापडे, अशी आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांत सांगितली जाई.

ट्युबिंगेनचे व्याख्यान

म्युनिकला गेल्यावरही अल्झायमर फ्रँकफर्टकडे आउगुस्टे डेटर यांची विचारपूस करत असत. त्या अखेरीस अंथरुणाला खिळल्या, अंगावर शय्याव्रण झाले आणि ८ एप्रिल १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. अल्झायमर यांच्या विनंतीवरून सिओली यांनी रुग्णपत्रिका आणि मेंदू म्युनिकला पाठवला. साडेचार वर्षांपूर्वीची स्वतःची टिपणे समोर ठेवून अल्झायमर यांनी तो मेंदू तपासला.

मेंदू सर्वत्र आक्रसलेला होता. माक्स बील्शोव्हस्की यांनी थोड्याच वर्षांपूर्वी शोधलेल्या चांदीच्या क्षाराच्या रंजनपद्धतीने पातळ काप रंगवल्यावर दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. पहिली म्हणजे, तंत्रिका कोशिकांच्या आत जाड तंतूंचे गुंते झाले होते. कित्येक ठिकाणी कोशिका नष्ट झाली होती आणि फक्त गुंता शिल्लक होता. दुसरी म्हणजे, कोशिकांच्या बाहेर, बाह्यकात सर्वत्र, एका अनोळखी पदार्थाचे बारीक साठे विखुरलेले होते. अशा साठ्यांची नोंद वृद्धांच्या मेंदूंत पूर्वी झालेली होती. एवढ्या कमी वयाच्या रुग्णात, इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि गुंत्यांच्या जोडीने ते आढळणे हे मात्र नवीन होते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे नैर्ऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांच्या ३७ व्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. व्याख्यानानंतर एकही प्रश्न विचारला गेला नाही. सभाध्यक्ष आल्फ्रेड होखे यांनी पुढचा विषय पुकारला. मेंदूच्या बाह्यकाच्या एका वैशिष्ट्यपूर्ण आजाराविषयीचा त्यांचा छोटा लेख १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज वैद्यकाच्या इतिहासात सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या लेखांत त्याची गणना होते.

नामकरण आणि वाद

पेरुसिनी यांनी आउगुस्टे डेटर यांच्यासह चार रुग्णांचा सविस्तर अभ्यास केला. त्याच सुमारास, १९१० मध्ये, क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या विकाराला अल्झायमरचा आजार असे नाव दिले. इतक्या थोड्या रुग्णांच्या आधारे त्यांनी नव्या आजाराचे नामकरण का केले, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते त्यामागे प्रागच्या प्रयोगशाळेशी असलेली स्पर्धा होती. इतर काहींच्या मते मनोविकारांचे मूळ मेंदूत आहे हे ठसवण्याची क्रेपेलिन यांची इच्छा त्याला कारणीभूत होती.

प्राग येथील ऑस्कर फिशर यांनी १९०७ मध्येच वृद्धत्वजन्य स्मृतिभ्रंशाच्या १६ रुग्णांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली होती आणि त्यांपैकी १२ जणांत हेच साठे दाखवले होते. या शोधात फिशर यांचा वाटा मोठा आहे. पुढे नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्यांचा छळ झाला आणि १९४२ मध्ये टेरेझिनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला. त्यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत राहिले.

स्वतः अल्झायमर या नामकरणाबाबत सावध होते. १९११ मध्ये त्यांनी योहान नावाच्या ५६ वर्षीय मजुराची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूत साठे विपुल होते, पण तंतूंचे गुंते नव्हते. हा खरोखरच स्वतंत्र आजार आहे की वृद्धत्वजन्य स्मृतिभ्रंशाचेच लवकर सुरू होणारे रूप आहे, असा प्रश्न त्यांनी या लेखात उपस्थित केला. त्यांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे होता. पाठ्यपुस्तकांतून मात्र नाव रूढ झाले आणि त्यांनी व्यक्त केलेली शंका मागे पडली.

ब्रेस्लाऊ आणि मृत्यू

निस्ल यांच्यासोबत मेंदूच्या बाह्यकाच्या ऊतकविज्ञानावरील ग्रंथमालेचे संपादन आणि १९१० मध्ये मज्जाविकार व मनोविकार या विषयांच्या एका नव्या नियतकालिकाची उभारणी, ही अल्झायमर यांची म्युनिकमधील आणखी दोन मोठी कामे होत. जुलै १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक आणि चिकित्सालयाचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ब्रेस्लाऊ हे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ. तिकडे जातानाच रेल्वेप्रवासात ते आजारी पडले. संसर्गाचा परिणाम हृदयावर झाला आणि त्यातून ते पूर्णपणे कधीच सावरले नाहीत. अशा स्थितीतही तीन वर्षे त्यांनी अध्यापन, रुग्णसेवा आणि संस्थेचा कारभार सांभाळला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हा भार आणखी वाढला.

१९ डिसेंबर १९१५ रोजी हृदय आणि मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ५१ होते. आउगुस्टे डेटर फ्रँकफर्टला दाखल झाल्या तेव्हा त्यांचेही वय तेवढेच होते. फ्रँकफर्टच्या मुख्य दफनभूमीत पत्नी सेसिली यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

अर्धशतकाचे मौन आणि पुनर्विचार

क्रेपेलिन यांच्या वर्गीकरणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. अल्झायमरचा आजार हा पन्नाशी-साठीच्या आतल्या मोजक्या रुग्णांचा दुर्मीळ विकार मानला गेला. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला तीच लक्षणे झाली तर त्याला वृद्धत्व म्हणून बाजूला सारले जाई. आजार असल्यास वैद्य कारण शोधतो, उपचार शोधतो आणि कुटुंबाला सल्ला देतो. म्हातारपणच ठरवले की यातले काहीच होत नाही. एका नावामुळे मोजक्या रुग्णांकडे लक्ष वेधले गेले आणि लाखो वृद्ध त्या लक्षाच्या बाहेर राहिले.

ही भिंत प्रथम इंग्लंडमध्ये हलली. मार्टिन रॉथ यांनी १९५५ मध्ये वृद्ध मनोरुग्णांच्या वाटचालीचा अभ्यास करून दाखवले की, म्हातारपणीचे सर्व मानसिक बिघाड एकजात स्मृतिभ्रंशाचे नसतात. खिन्नतेने ग्रासलेले अनेक वृद्ध उपचारांनी बरे होतात, तर स्मृतिभ्रंशाची वाटचाल वेगळी असते. त्यानंतर न्यूकॅसल येथे गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या जिवंतपणीच्या बौद्धिक चाचण्या आणि मृत्यूनंतरची मेंदूतपासणी एकमेकांशी ताडून पाहिली. १९६८ मध्ये त्यांनी दाखवले की साठ्यांचे प्रमाण जितके जास्त, तितका बुद्धीचा ऱ्हास अधिक. ही मूलतः अल्झायमर यांचीच पद्धत होती, फक्त ती अनेक रुग्णांवर आणि मोजमापासह वापरली गेली. १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी वयाची कृत्रिम सीमारेषा पुसून टाकावी असे आग्रहाने मांडले. त्यानंतर हा आजार वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणून ओळखला जाऊ लागला.

साठ्यांमधील मुख्य प्रथिन १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वोंग यांनी वेगळे केले. त्याला बीटा अमिलॉइड म्हणतात. तंतूंचे गुंते टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे असतात, हे त्याच दशकात स्पष्ट झाले. १९९० च्या दशकापासून वापरात असलेली डोनेपेझिलसारखी औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात. अलीकडे अमिलॉइडवर काम करणारी प्रतिपिंडे आली आहेत. ती सुरुवातीच्या टप्प्यात ऱ्हासाचा वेग काहीसा कमी करतात. आजार पूर्ण बरा करणारा उपाय अद्याप नाही.

हरवलेल्या कागदपत्रांचा शोध

आउगुस्टे डेटर यांची रुग्णपत्रिका अनेक दशके बेपत्ता होती. डिसेंबर १९९५ मध्ये कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती फ्रँकफर्टच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या तळघरातील संग्रहात सापडली. निळसर पुठ्ठ्याच्या त्या धारिकेत ३२ पाने होती आणि त्यांत अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील टिपणे व रुग्णाची छायाचित्रे होती. त्यानंतर म्युनिकमध्ये मानुएल ग्रेबर यांच्या गटाला त्यांच्या मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या. नव्या तपासणीत जुने निदान खरे ठरले. आजार आनुवंशिक होता का, याविषयी काचपट्ट्यांवरील दोन गटांच्या जनुकीय तपासण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले. त्यामुळे तो प्रश्न खुला आहे.

भारतातील आणि पूर्व विदर्भातील संदर्भ

साठी बुद्धी नाठी ही म्हण आणि म्हातारचळ हा शब्द मराठीत सर्रास वापरले जातात. वृद्धांचे विसरणे वयाचाच भाग आहे ही समजूत त्यांतून दिसते. अल्झायमर यांच्या कामाने जिला छेद दिला तीच ही समजूत आहे. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. रुग्ण आणि कुटुंबांसाठी काम करणारी भारतीय संघटना १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे.

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांसाठी मानसिक आजारांचे जुने मोठे रुग्णालय म्हणजे नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय. त्याची स्थापनाही १८६४ चीच आहे. सिरोंचा किंवा भामरागड येथून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. विसरणाऱ्या वृद्धाला एवढ्या लांब नेणे बहुतेक कुटुंबांना शक्य होत नाही. त्यामुळे अनेकदा आधी गावातील पुजारी वा वैदूकडे जाणे होते, किंवा काहीच केले जात नाही. जिल्हा रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या पातळीवर प्राथमिक तपासणी होणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खिन्नता, काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते. अशी कारणे वेळीच सापडली तर त्यांवर इलाज होऊ शकतो.

तपासणीची भाषा हा आणखी एक प्रश्न आहे. अल्झायमर यांनी रुग्णाला नाव लिहायला सांगितले आणि त्यातून महत्त्वाचे लक्षण टिपले. शाळेत न गेलेल्या वृद्धाला मात्र लिहिण्याची कसोटी लावता येत नाही. हरियाणातील बल्लभगढ परिसरात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासासाठी १९९० च्या दशकात निरक्षर वृद्धांकरिता हिंदीतून अशी चाचणी तयार करण्यात आली, जिच्यात वाचता-लिहिता येण्याची गरज नव्हती. गडचिरोलीतील गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या वृद्धांनाही हेच तत्त्व लागू पडते. प्रश्न त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या जगण्यातले असावे लागतात. आयुष्यभर मोहफुले वेचायला जाणारी म्हातारी ओळखीच्या वाटेवर चुकू लागली, तर ते तिच्या बाबतीत तारीख न सांगता येण्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण लक्षण असते. ते घरच्यांनाच आधी कळते. आउगुस्टे डेटर यांच्यातला बदलही प्रथम त्यांच्या पतीच्याच लक्षात आला होता.

स्मारके

मार्क्टब्राइट येथील अल्झायमर यांच्या जन्मघरात १९९५ पासून स्मृतिसंग्रहालय आहे. २१ सप्टेंबर हा दिवस १९९४ पासून जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अनेक देशांत वृद्धांसाठी स्मृतितपासणीची शिबिरे आणि कुटुंबीयांसाठी मार्गदर्शनाचे कार्यक्रम होतात.